दिरांची स्विस नंबरची गाडी जर्मनीत कोण चालवू शकतं?

सप्रेम नमस्कार,

आम्ही नवरा-बायको सहा वर्षांपासून जर्मनीत ल्योराखला राहतो. माझे दीर सीमेपलीकडे बाझलमध्ये नोकरीला आहेत, त्यांची स्विस नंबरची स्कोडा आहे. पुढच्या महिन्यात ते तीन आठवडे पुण्याला जाणार आहेत. ‘गाडी तुमच्या अंगणात ठेवतो, खुशाल वापरा,’ असं म्हणतात. त्याच सुमारास सांगलीहून सासरे येताहेत, त्यामुळे गाडी लागणारच आहे. शिवाय माझी नणंद चार महिन्यांपूर्वी मँचेस्टरहून फ्रायबुर्गला कायमची राहायला आली. तिने स्वतःची गाडी करमाफीत आणली आणि तिला आता जर्मन नंबरही मिळाला. तिचं ऑफिस ट्रामच्या मार्गावर आहे, म्हणून तीही म्हणते, ‘वहिनी, सहा महिने तूच वापर.’ पण इथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की अशा गाड्या नातेवाइकांनी चालवल्या तर हजारो युरो भरावे लागतात. दिरांनी अधिकारपत्र लिहून दिलं तर चालेल ना? गेल्या हिवाळ्यात ते सोबत नसताना मी दोनदा त्यांची गाडी बाझलहून घरी आणली होती, हेही सांगून ठेवते.

एक वाचक, ल्योराख

*

नमस्कार,

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं ते खरं आहे. दीर पुण्यात असताना तुम्ही त्यांची गाडी जर्मनीत चालवू नका, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. अधिकारपत्राने तुमच्या बाबतीत काहीच साधत नाही. नणंदेची गाडीही एवढ्यात घेऊ नका. दोन्ही गाड्यांना करातून सवलत मिळालेली आहे, पण दोन सवलती वेगळ्या आणि त्यांच्या अटीही वेगळ्या. त्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो, म्हणून एकेक घेऊ.

आधी दिरांची गाडी. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम्स क्षेत्रात येत नाही. त्यामुळे स्विस नंबरची गाडी सीमा ओलांडून ल्योराखला आली की कायद्याच्या नजरेत तो परदेशी माल असतो, त्यावर आयात ड्युटी आणि व्हॅट लागू व्हायला हवा. दर शनिवारी बाझलहून खरेदीला येणाऱ्या हजारो गाड्यांकडून तो घेतला जात नाही, कारण ‘तात्पुरती आयात’ नावाची सवलत आहे. गाडी बाहेरच्या देशात नोंदलेली, नोंदणी बाहेर राहणाऱ्या माणसाच्या नावावर, चालवणाराही बाहेर राहणारा आणि सहा महिन्यांच्या आत गाडी परत बाहेर, एवढं जमलं की कर पूर्ण माफ. यासाठी फॉर्म भरावा लागत नाही, शिक्का लागत नाही, कोणी पावती देत नाही. गाडी घेऊन सीमा ओलांडणं हीच कस्टम्सपुढची घोषणा मानली जाते. लोक फसतात ते इथेच. हातात कागद नाही म्हणून आपण कुठल्याशा सवलतीखाली आहोत आणि तिच्या अटी आपण स्वीकारल्या आहेत, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

या सवलतीत नात्याला फारसं महत्त्व नाही आणि पासपोर्टलाही नाही. कायदा विचारतो तो प्रश्न एकच: गाडी चालवणारा राहतो कुठे? तुम्ही भारतीय नागरिक असलात तरी घर, नोकरी, नोंदणी सगळं ल्योराखचं, म्हणजे तुम्ही संघाच्या रहिवासी. संघात राहणाऱ्याने बाहेरची करमाफ गाडी चालवायची नाही, हा मूळ नियम. त्याला मोजके अपवाद आहेत आणि ते युरोपीय संघाच्या २०१५ सालच्या २४४६ क्रमांकाच्या नियमावलीत, कलम २१२ ते २१६ मध्ये लिहिले आहेत.

तुमच्या कामाचा अपवाद कलम २१५ मध्ये आहे. गाडी ज्यांच्या नावावर नोंदलेली आहे त्यांच्या सांगण्यावरून, खासगी कामासाठी, संघातला रहिवासी ती चालवू शकतो, पण तो चालवत असताना नोंदणीधारक स्वतः संघाच्या कस्टम्स क्षेत्रात असला पाहिजे. ते गाडीतच बसलेले असावेत, असं नाही. दीर तुमच्या घरी जेवायला आले, जेवून आडवे झाले आणि त्यांनी तुम्हाला त्यांच्या गाडीतून दूध आणायला पाठवलं, तर चालतं. ते बाझलच्या ऑफिसात बसले आहेत आणि तुम्ही पाच-सात किलोमीटरवर ल्योराखमध्ये त्यांची गाडी चालवताय, हे चालत नाही. पुण्यात असतील तर प्रश्नच मिटला. ‘अधिकारपत्र लिहून दिलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. चिठ्ठीने परवानगी सिद्ध होते, पण कायद्याला हवी आहे त्यांची हजेरी, आणि ती चिठ्ठीतून येत नाही.

हे किती काटेकोरपणे पाहिलं जातं, यासाठी एक निवाडा सांगण्यासारखा आहे. हंगेरीत राहणारे एक गृहस्थ सर्बियात नोंदलेली, तिथल्या संस्थेच्या मालकीची गाडी संस्थेच्या परवानगीने चालवत होते. ७ मार्च २०१३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की त्या वेळच्या नियमाखाली खासगी वापराची सवलत हवी असेल तर तसा वापर नोकरीच्या करारात लिहिलेला असला पाहिजे, नुसती परवानगी पुरत नाही. स्विस कंपनीची गाडी घेऊन जर्मनीत घरी येणाऱ्यांसाठी हाच मुद्दा पुढे आणखी आवळला गेला. आता त्यांना खासगी वापरात फक्त घर ते कामाची जागा एवढंच, किंवा करारात लिहिलेल्या कामापुरतं गाडी नेता येते, आणि विचारल्यावर कराराची प्रत दाखवावी लागते. ल्योराख, वाइल आम ऱ्हाइन, कोन्स्टान्स अशा ठिकाणी राहून स्वित्झर्लंडात नोकरी करणारे मराठी लोक थोडे नाहीत. रविवारी कंपनीच्या गाडीतून मुलांना जंगलात फिरायला नेणं त्यांना महागात पडू शकतं.

आता पैशांचं बोलू, कारण ‘तीन आठवडे वापरली तर तीन आठवड्यांचा काय तो कर भरू’ असा समज सर्रास दिसतो. कर वापरावर लागत नाही, पूर्ण गाडीच्या त्या दिवशीच्या किमतीवर लागतो. तीन आठवडे चालवा की दहा मिनिटं, रक्कम तीच. प्रवासी मोटारीवर कस्टम्स ड्युटी १० टक्के. जर्मनीचा आयात व्हॅट १९ टक्के, आणि तो ड्युटी मिळवून आलेल्या रकमेवर मोजतात. दिरांची गाडी आज २४,००० युरोंची धरली तर ड्युटी २,४००. मग २६,४०० वर १९ टक्के, म्हणजे ५,०१६. एकूण ७,४१६ युरो. वर दंड आला तर तो वेगळा. आणि पुढे गाडी बाझलला परत नेली म्हणून भरलेले पैसे आपोआप परत मिळत नाहीत.

‘स्कोडा तर युरोपातच बनते, मग तिच्यावर आयात कर कसला?’ असं तुमचे यजमान विचारतील. गाडी एकदा निर्यात होऊन स्वित्झर्लंडात नोंदली गेली की कस्टम्सच्या हिशेबात ती बाहेरची झाली. मूळ उत्पादनाचा पुरावा दाखवून १० टक्के ड्युटी वाचू शकते, पण वापरलेल्या गाडीच्या मालकाकडे असा कागद क्वचितच असतो. आणि ड्युटी वाचली तरी १९ टक्के व्हॅट उरतोच, तोच तर मोठा हिस्सा आहे.

पैसे मागतात ते प्रथम चालवणाऱ्याकडे. अटी मोडल्या जाताहेत हे ज्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, असा दुसरा माणूसही त्याच कराला जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे चावी हातात देणारे दीरही त्यात ओढले जातात, आणि दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते. हे पाप बल्गेरियाच्या किंवा फ्रान्सच्या सीमेवर घडलं, जर्मनीचा काय संबंध, असा बचावही फारसा टिकत नाही. जर्मनीत राहणाऱ्या एकाने तुर्की नंबरची गाडी बल्गेरियामार्गे आणून घरी वापरली होती. ३ मार्च २०२१ च्या निवाड्यात याच न्यायालयाने आयात व्हॅट जर्मनीतच देय ठरवला, कारण गाडी प्रत्यक्षात तिथे वापरली जात होती.

कराखेरीज गुन्ह्याचा भाग आहे, तो हलक्यात घेऊ नका. जाणूनबुजून केलं तर जर्मन करसंहितेच्या कलम ३७० खाली करचुकवेगिरी होते, तिला दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घोर निष्काळजीपणा असेल तर कलम ३७८, त्यात ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्यांदा सापडलेल्या आणि खरं सांगणाऱ्या माणसाचं प्रकरण इतकं टोकाला सहसा जात नाही, तरी फाइल उघडते आणि निवासाच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती आडवी येऊ शकते. गाडी कराची हमी म्हणून जागेवर ताब्यातही घेता येते. मग सासऱ्यांना आणि सामानाला रस्त्याच्या कडेला उभं करून टॅक्सी शोधायची वेळ येईल.

आता तुमच्या भागातलीच एक खास अडचण. दिरांना विमानतळावर सोडायला तुम्हीच जाल. बाझलचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर, सँ-लुईजवळ आहे आणि बाझल शहरातून त्याच्या स्विस भागाकडे वेगळा कस्टम्स रस्ता जातो. समजा, दीर घरून तुमच्याबरोबर निघाले, फ्रान्सच्या बाजूने विमानतळावर उतरले आणि तुम्ही पालमराइन पुलावरून परत वाइल आम ऱ्हाइनला आलात. जाताना ते शेजारी होते, तोवर ठीक. विमान सुटून ते युरोपीय संघाबाहेर गेले की कलम २१५ चा आधार संपला, आणि तुम्ही अजून गाडी चालवत असाल तर त्या क्षणापासून अट मोडली. झुरिकहून उड्डाण असेल तर आणखी सरळ आहे. त्यांना स्विस भूमीवर सोडून गाडी घेऊन तुम्ही एकट्या रीहेनच्या बाजूने ल्योराखच्या हद्दीत शिरलात की सीमेवरच नियमभंग झाला. त्यांना आपल्या गाडीने सोडा, नाहीतर ट्रेनने जाऊ द्या. बाझल-ल्योराख लोकल आहेच.

गाडी अंगणात नुसती उभी ठेवायला मात्र हरकत नाही. दिरांनी ती स्वतः चालवत आणावी, तीन आठवड्यांनी स्वतः न्यावी, सहा महिन्यांच्या आत ती सीमेपार जावी. तुमच्या खासगी जागेतच लावा, रस्त्यावर नको. कचऱ्याची गाडी येणार म्हणून, बर्फ काढायचा म्हणून रस्त्यावरची गाडी हलवावी लागते आणि तेवढंही चालवणंच. लावताना किलोमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढून दिरांना पाठवा आणि ते परत आल्यावर पुन्हा काढा. उद्या कोणी विचारलं तर गाडी हलली नाही याचा यापेक्षा साधा पुरावा नाही. चावी त्यांच्याकडेच राहिली तर उत्तम.

ती गाडी लीजवर आहे का, हेही त्यांना विचारून घ्या. स्विस नोंदणीपत्रात १७८ हा कोड असेल तर धारक बदलायला मनाई आहे, म्हणजे बहुधा गाडी लीजची. लीजच्या करारात गाडी कोणाला द्यावी, परदेशात किती दिवस ठेवावी याच्या स्वतंत्र अटी असतात. विम्याचंही तसंच. तृतीय पक्षाचा विमा जर्मनीत चालतो, पण नोंद नसलेला चालक, तरुण चालक किंवा घराबाहेरचा माणूस असेल तर अपघातानंतर स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा वाढतो. दीर जेव्हा तुमच्याकडे असतील आणि तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून कायदेशीरपणे गाडी चालवाल, तेव्हासाठीसुद्धा त्यांनी विमा कंपनीकडून तुमच्या नावासह लेखी उत्तर घेऊन ठेवावं. आणखी एक, खासगी वापर म्हणजे खासगीच. घरून डबे करून देत असाल तर ते पोहोचवायला ही गाडी कधीही वापरू नका, दीर सोफ्यावर बसलेले असले तरी नाही.

आता सासऱ्यांकडे येऊ, कारण तिथे नियम उलटा चालतो आणि ऐकणाऱ्याला नवल वाटतं. सासरे सांगलीचे रहिवासी, इथे पाहुणे. म्हणजे ते संघाबाहेर राहणारे. बाहेर राहणारा तिसरा माणूस खासगी कामासाठी अशी गाडी चालवू शकतो, दीर पुण्यात असले तरी, फक्त त्यांचं लेखी अधिकारपत्र हवं. सहा वर्षं इथे गाडी चालवणाऱ्या सुनेला जे करता येत नाही ते परवा विमानातून उतरलेल्या सासऱ्यांना करता येतं! अधिकारपत्रात दोघांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि पत्ते, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, खासगी वापरासाठी मोफत दिली आहे हे वाक्य, आणि दिरांची सही. जर्मनमध्ये लिहा. सोबत दिरांच्या ओळखपत्राची आणि स्विस निवास परवान्याची प्रत, मूळ नोंदणीपत्र, सासऱ्यांचा पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट. परतीचं तिकीट ते इथे राहत नाहीत हे दाखवतं, म्हणून ते विसरू नका.

परवान्याचं काम सांगलीतच उरकायला हवं. तिथल्या आरटीओत फॉर्म ४-ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा, तो एक वर्ष चालतो. मूळ भारतीय परवाना सोबत ठेवावाच लागतो. विमा कंपनीला सासऱ्यांचं नाव, वय आणि भारतीय परवाना असल्याचं कळवून होकार घ्या. कंपनी नाही म्हणाली तर विषय तिथेच थांबवा, कस्टम्सची परवानगी असली तरी. आणि कायद्याने चालतं म्हणून त्यांना स्टिअरिंगवर बसवायलाच हवं असं नाही. आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाला इथे उजवीकडून चालवायचं, वस्तीतल्या पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, सायकलवाल्यांसाठी वळताना मान फिरवून पाहायचं, हे सगळं तीन आठवड्यांत अंगवळणी पडत नाही. त्यांचं वय आणि उत्साह पाहून तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. सासऱ्यांना मिळालेलं अधिकारपत्र त्यांच्यापुरतं. ते दमले म्हणून ते शेजारी बसले आणि तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी गाडी हाती घेतली, तर ते चालत नाही. कलम २१५ मध्ये ज्याची हजेरी लागते तो नोंदणीधारक, म्हणजे दीर. सासऱ्यांची हजेरी त्याच्या जागी चालत नाही. तपासणीत हेच सापडतं: अधिकारपत्र वडिलांच्या नावाचं आणि चालवतोय इथे राहणारा मुलगा.

तपासणी फक्त सीमेवर होते असंही समजू नका. जर्मन कस्टम्सची फिरती पथकं महामार्गावर, पेट्रोलपंपावर, सीमेपासून कितीही आत गाडी थांबवू शकतात. स्विस नंबर आणि चालकाच्या ओळखपत्रावर ल्योराखचा पत्ता, एवढं दिसलं की पुढचे प्रश्न ठरलेले: गाडी कोणाची, ते आता कुठे आहेत, तुम्ही राहता कुठे. खरं तेच सांगा. ‘दीर मागून ट्रेनने येताहेत’ असं रचून सांगितलं आणि ते विमानात असल्याचं निघालं, तर अज्ञानातून झालेली चूक जाणूनबुजून केलेली ठरते आणि प्रकरण कलम ३७८ वरून ३७० वर सरकतं. ओळख सांगणं बंधनकारक आहे, पण घटनेबद्दल जबाब देण्याआधी वकिलाशी बोलण्याचा आणि दुभाषी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. न समजलेल्या जर्मन कागदावर सही करू नका. पुढे टपालाने करनिर्धारणाचा आदेश येतो. तो मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घ्यावी लागते. हरकत घेतली म्हणून वसुली थांबत नाही, त्यासाठी वसुली स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच वेळी द्या. गाडीची किंमत फुगवून धरली असेल तर त्यावरही बोट ठेवा: किलोमीटर, अपघात, ओरखडे यांचे फोटो आणि मान्यताप्राप्त मूल्यांकन जोडलं तर आकडा कमी होतो.

हिवाळ्यात दोनदा गाडी आणलीत, त्याबद्दल. दीर त्या वेळी सोबत नव्हते; ते स्वित्झर्लंडातच असतील, तर दोन्ही वेळा अट मोडली. असा कर मागण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते आणि गुन्ह्याचा भाग असेल तर ती वाढते, म्हणून जुनं झालं असं म्हणून सोडून देऊ नका. स्वतःहून कबुली देऊन शिक्षा टाळण्याची सोय करसंहितेच्या कलम ३७१ मध्ये आहे, पण ती अधिकाऱ्यांना कळण्याआधी, पूर्ण आणि कर भरण्याच्या तयारीने द्यावी लागते. अर्धवट कबुली उपयोगाची नाही. त्यामुळे कस्टम्सला आपण होऊन मेल टाकण्याआधी कस्टम्स कायदा पाहणाऱ्या वकिलाबरोबर एक तास बसा, तारखा, वेळ आणि गाडीची त्या वेळची किंमत घेऊन. तो कबुली द्यायची की नाही आणि कशी, हे तुमचे कागद पाहून सांगेल. तोपर्यंत याबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा करू नका.

आता नणंदेची गाडी. तिला मिळालेली सवलत वेगळी, ती घर हलवणाऱ्यांसाठी आहे. संघाबाहेर किमान बारा महिने सलग राहिलेला माणूस इथे कायमचा राहायला आला, तर त्याच्या घरातल्या वस्तूंबरोबर किमान सहा महिने वापरलेली गाडीही ड्युटी आणि व्हॅटशिवाय आणता येते. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनहून येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. जर्मनीत त्यासाठी ०३५० क्रमांकाचा फॉर्म भरतात आणि त्या कागदाच्या जोरावरच तिला फ्रायबुर्गचा नंबर मिळाला.

या सवलतीची अट युरोपीय संघाच्या २००९ सालच्या ११८६ क्रमांकाच्या नियमावलीत, कलम ८ मध्ये आहे: घोषणा स्वीकारल्याच्या तारखेपासून बारा महिने गाडी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, गहाण ठेवायची नाही आणि उसनीही द्यायची नाही. कस्टम्सला आधी न कळवता तर नाहीच. पण ‘कळवलं की झालं’ असंही नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की मुदतीच्या आत गाडी उसनी दिली तर त्या दिवशीच्या दराने आणि किमतीने कर भरावा लागतो. कळवल्याने लपवल्याचा आरोप टळतो, कर टळत नाही. सहा महिने गाडी ल्योराखला तुमच्या दारात उभी, विम्यावर तुमचं नाव, पेट्रोल तुमचं, याला उसनी देण्याखेरीज दुसरं काही म्हणता येणार नाही. मँचेस्टरहून आणलेल्या चांगल्या गाडीवर वरच्यासारखाच हिशेब लागला तर नणंदेलाच पाच आकड्यांच्या आसपासचं बिल येऊ शकतं, कारण सवलत तिच्या नावावर आहे.

जर्मन नंबर आहे, रस्त्यात कोणाला काय कळणार, असा विचार मनात येऊ देऊ नका. हे रस्त्यात कळत नाही, कागदावर कळतं. अतिवेगाच्या दंडाची नोटीस फोटोसह नणंदेच्या पत्त्यावर जाते, अपघाताच्या फॉर्मवर नेहमीचा चालक कोण हे लिहावं लागतं, विम्यात गाडी रात्री कुठे उभी असते हे सांगावं लागतं. आणि उजव्या बाजूचं स्टिअरिंग असलेली ब्रिटिश गाडी ल्योराखच्या गल्लीत शेजाऱ्यांच्याही नजरेत भरते.

तिच्या घरात राहणाऱ्या माणसांनी गाडी चालवणं मात्र वेगळं. ही सवलत मुळात त्या माणसाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या घरगुती गरजांसाठीच्या वस्तूंना आहे, म्हणून तिचे यजमान त्याच घरात राहत असतील तर त्यांनी चालवायला अडचण नाही. तुमचं घर वेगळं. ती शेजारी बसली आहे, काम तिचं आहे आणि तुम्ही तिला दवाखान्यात नेताय, याला उसनी देणं म्हणता येणार नाही, असं मांडायला जागा आहे. तरी तेवढ्यासाठीही तिने ०३५० ची प्रत जोडून आपल्या कस्टम्स कार्यालयाला लेखी विचारावं आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवावं. चार महिने झाले आहेत, आठ राहिले. फॉर्मवरची स्वीकृतीची तारीख पाहा. नंबर मिळाल्याची तारीख धरू नका, ती बहुधा काही आठवडे नंतरची असते. स्वीकृतीपासून बारा महिने पूर्ण झाले की गाडी तिची पूर्णपणे मोकळी, मग तिने तुम्हाला वर्षभर दिली तरी चालेल.

सासऱ्यांच्या तीन आठवड्यांसाठी जर्मन नंबरची भाड्याची गाडी घ्या. आधी ठरवलीत तर स्वस्त पडते. बाझलमधून स्विस नंबरची भाड्याची गाडी घेऊन इकडे येऊ नका. संघात राहणाऱ्यांनी संघाबाहेर नोंदलेली भाड्याची गाडी वापरण्यावरही कडक बंधनं आहेत. बाझल किंवा झुरिक पाहायला जाताना तुमची किंवा भाड्याची जर्मन गाडीच न्या, भाडेकरारात स्वित्झर्लंडला परवानगी आहे का पाहा आणि महामार्गासाठीचं स्विस व्हिन्येट (टोलचा पास) घ्या. तिकडे गेल्यावर दमलात म्हणून दिरांना ती चालवायला देऊ नका. स्वित्झर्लंडात राहणाऱ्याने परदेशी, कर न भरलेली गाडी तिथे चालवण्यावर स्विस कस्टम्सची अशीच बंदी आहे, आणि तिच्या सवलतींसाठी त्यांनी आधी तिकडच्या कार्यालयाला विचारायला हवं.

दीर कधी तुमच्याकडे असताना आजारी पडले आणि त्यांना ल्योराखच्या रुग्णालयात ठेवावं लागलं, तर ते संघाच्या हद्दीतच असल्यामुळे त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही गाडी चालवू शकता. त्यांना रुग्णवाहिकेतून बाझलला हलवलं आणि गाडी मागे राहिली, तर ती स्वतः नेऊ नका. बाझलमध्ये राहणाऱ्या त्यांच्या एखाद्या सहकाऱ्याला दिरांच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन बोलवा. असं कोणी नसेल तर ल्योराखच्या मुख्य कस्टम्स कार्यालयाला फोन करून परिस्थिती सांगा आणि गाडी हलवण्याआधी उत्तर मेलवर मागून घ्या. सर्वसाधारण चौकशीसाठी जर्मन कस्टम्सचा माहिती कक्ष ड्रेस्डेनला आहे, तिथेही लेखी विचारता येतं. प्रश्न पाठवताना ‘नातेवाइकाची गाडी’ एवढंच लिहू नका. गाडी कुठे नोंदलेली, कोणाच्या नावावर, ते त्या दिवशी कुठे असतील, चालवणारा कुठे राहतो आणि कशासाठी चालवणार, ही पाच उत्तरं पत्रातच द्या. ती नसतील तर तिकडूनही मोघम उत्तर येतं आणि ते दाखवून पुढे काही उपयोग होत नाही.